बेरिलियम आणि बोरॉनच्या मध्ये मोर

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. दहावीला विज्ञान शिकवा, बास! पहिल्या वर्षी वाटतं, ही एखादीच गंमत झाली. दुसऱ्या वर्षी वाटतं, ह्या बॅचमध्येच काहीतरी आहे. मग कळतं की बॅच बदलतात, खडू-फळे बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, पण 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा आला की आमच्या शाळेत काहीतरी घडतंच. आता तर तो धडा जवळ आला की मी आधीच चष्मा पुसून ठेवते.

मी हत्तुरे मॅडम. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात आमची शाळा. खिडक्या लावल्या तर उकडतं, उघडल्या तर माग ऐकू येतात. विज्ञानाला आम्ही दोघं, मी आणि बिराजदार सर. सर अक्कलकोटकडचे. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. प्रयोगशाळेत परिचर गेनबा वाघमोडे, माळशिरस तालुक्यातला, घरची मेंढरं सोडून इथं नळ्या धुवायला आलेला. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर मुख्याध्यापिका शेख मॅडम. एवढी चार माणसं लक्षात ठेवा. बाकीचे येतील तसे सांगते.

*

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तसबीर आहे. आवर्तसारणी पहिल्यांदा नीट मांडली त्या रशियन शास्त्रज्ञाची. छातीपर्यंत दाढी, मानेवर रुळणारे केस, खोल गेलेले डोळे. गेनबाला ते नाव काही म्हणता येत नाही, म्हणून तो त्यांना सरळ 'बाबा' म्हणतो. दसऱ्याला पाटीपूजन झालं की उरलेला झेंडूचा हार बाबांना.

एकदा दसरा झाल्या झाल्या तपासणीचं पथक आलं. त्यातले मोठे साहेब प्रयोगशाळेच्या दारात थबकले. बूट काढले. आत आले, तसबिरीसमोर उभे राहून डोळे मिटून हात जोडले.

"कुठले महाराज?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बिराजदार सर म्हणाले, "रशियाचे, साहेब."

"अरे वा! आणि हे काय खाली?"

खाली आवर्तसारणीचा तक्ता. चौकोन, चौकोनात अक्षरं, आकडे. साहेब वाकून बघत म्हणाले, "यंत्र आहे का? सिद्ध केलेलं आहे?"

"साऱ्या जगात सिद्ध झालंय, साहेब."

साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. शेरा उत्तम मिळाला. पंधरा दिवसांनी सरांना त्यांचा फोन आला, की फ्रेम करून घरी लावलंय, तर त्याचं तोंड कुठल्या दिशेला पाहिजे?

सर म्हणाले, "दिशेचं काही नाही साहेब. फक्त हायड्रोजन डावीकडं येईल असं बघा!"

*

नववी 'ब'मध्ये एका वर्षी तांबे, लोखंडे आणि कथले अशी तीन आडनावं होती. कथले गरीब होता, खिडकीपाशी बसायचा. तांबे आणि लोखंडे एका बाकावर. रोज तक्रार, "मॅडम, हा मला ढकलतोय!" रोज तांबेच खाली पडलेला. मी दोघांना समजावलं, पालकांना बोलावलं, काही उपयोग नाही.

शेवटी बिराजदार सरांकडं गेले. सरांनी विचारलं, "कोण कोणाला ढकलतंय?"

"लोखंडे तांबेला."

"मग बरोबर आहे की. मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकल्यावर काय होतं? लोखंड तांब्याला बाहेर काढतं आणि स्वतः तिथं बसतं. पुस्तकात दिलंय! तुम्ही निसर्गाच्या विरोधात बाक लावलेत, मॅडम."

मी तांबेला पुढच्या रांगेत हलवलं. वर्षभर शांतता.

*

आवर्तसारणी व्हायच्या आधी एका इंग्रजानं म्हटलं होतं, की मूलद्रव्यं वजनाप्रमाणं ओळीनं मांडली तर दर आठव्याला पहिल्याचे गुण परत येतात. अगदी सुरांसारखं. सा धरून सात सूर गेले की पुन्हा वरचा सा. त्याच्या काळातले लोक त्याला हसले म्हणे. धड्यात हे सगळं आहे, सा रे ग म सकट.

बिराजदार सरांना एका वर्षी वाटलं, की हे नुसतं सांगून काय उपयोग, वाजवून दाखवलं पाहिजे. गेनबाकडून संगीताच्या खोलीतली पेटी मागवली. टेबलावर ठेवली. भाता सोडला. आणि सर गायला लागले.

"हायड्रोजन साऽऽ, लिथियम रेऽऽ, बेरिलियम गऽऽ..."

आधी मुलं हसली. मग गायला लागली. सरांचा आवाज काही वाईट नाही, भजनाला बसतात ते. ऑक्सिजनचा नी लागला आणि फ्लोरिनवर सगळ्या वर्गानं मिळून वरचा सा लावला, तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. मागांच्या खडखडाटानं ठेका धरल्यासारखं झालं.

शेख मॅडम तरातरा आल्या. "क्या जी बिराजदार सर, ये क्या लगाए? गॅदरिंगला अजून तीन महिने आहेत!"

सरांनी पेटी न थांबवता वर बघितलं. घामाघूम झालेले. म्हणाले, "मॅडम, फक्त कॅल्शियमपर्यंत गाऊ द्या. त्याच्या पुढं त्या इंग्रजालासुद्धा जमलं नव्हतं!"

*

गेल्या विज्ञान दिनाला आम्ही मैदानावर जिवंत आवर्तसारणी करायची ठरवली. एकशे अठरा मुलं, प्रत्येकाच्या छातीवर एका मूलद्रव्याचा पुठ्ठा, आणि गच्चीवरून फोटो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता.

पुठ्ठे वाटतानाच निम्मा जीव गेला. सोनं सगळ्यांना पाहिजे. आर्सेनिक कोणालाच नको. एक आई येऊन म्हणाली, "आमच्या पोरीला शिसं दिलंय, लग्नात कोणी फोटो काढून दाखवला तर?" राजवायूंसाठी मात्र मी आधीच मुलं हेरून ठेवली होती. कुणाशी बोलत नाहीत, कुणात मिसळत नाहीत, डबासुद्धा एकटे खातात. त्यांना उजव्या कडेला उभं केलं, ती खूश, मी खूश.

अडलं हायड्रोजनपाशी. हायड्रोजन झाली होती सानिका, सातवीतली, अंगानं बारीक. मी तिला डावीकडं लिथियमच्या वर उभी केली. बिराजदार सर आले आणि म्हणाले, "तशी ती उजवीकडं, फ्लोरिनच्या वर पण चालेल की. गुण तिकडचेही आहेत." सानिका पुठ्ठा सांभाळत तिकडं पळाली. मी म्हटलं, "सर, पुस्तकात डावीकडं आहे." सानिका डावीकडं. सर म्हणाले, "पुस्तकात असं पण लिहिलंय, की तिची जागा पक्की नाही." सानिका उजवीकडं. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडं उन्हाळाच. आम्ही दोघं मैदानाच्या मधोमध भांडतोय, आणि ती पोर इकडून तिकडं.

पाचव्या खेपेला ती वाटेतच थांबली. पुठ्ठा काढला, लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि ओरडली, "सर, मॅडम, तुमचं ठरलं की हाक मारा!"

ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यात एकशे सतरा मूलद्रव्यं जागच्या जागी आहेत आणि हायड्रोजन झाडाखाली बसून पेरू खातंय.

*

एकदा एक चिठ्ठी शेख मॅडमना सापडली, सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. एक छोटा कागद, त्यावर इंग्रजी अक्षरांत एवढंच:

Na + Ni = ?

मॅडमनी दार लावून मला आत बोलावलं. चेहरा पांढरा पडलेला. "हत्तुरे मॅडम, पेपर फुटला क्या? ये कौनसा सवाल है?"

मी बघितलं. सोडियम अधिक निकेल. म्हटलं, "मॅडम, असा प्रश्न पेपरात नाही. खरं सांगायचं तर असली अभिक्रिया पुस्तकातही नाही."

"मग हे कुणी लिहिलं? कैकू लिहिलं?"

बिराजदार सरांना बोलावणं गेलं. सरांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि एकदम खुर्चीत बसून हसायला लागले. हसता हसता ठसका लागला.

"मॅडम, हे रसायनशास्त्र नाही. कानडी आहे! 'ना' म्हणजे मी. 'नी' म्हणजे तू."

आमच्या शाळेत कानडी येणारे तिघेच. एक स्वतः सर. दुसरे गणिताचे नवे मठपती सर. आणि तिसऱ्या संगणकाच्या कविता मॅडम. प्रश्नपत्रिका टाइप करायला मठपती त्यांच्याकडंच देत होते. आठवडाभर हा गठ्ठा इकडून तिकडं जात होता, आणि आम्हाला वाटत होतं, मठपती फारच काळजीपूर्वक प्रूफ तपासतात!

शेख मॅडमनी डोक्याला हात लावला. "आता या दोघांना मी काय बोलू?"

"काहीच बोलू नका," बिराजदार सर म्हणाले. "ही अभिक्रिया आपोआप होत नाही. उत्प्रेरक लागतो."

आणि पुढच्या रविवारी सर स्वतः धोतर-टोपी घालून कविताच्या वडिलांकडं दुधनीला गेले. वडील कडक होते. मुलगा कायम नोकरीत नाही, म्हणून आधी नाहीच म्हणाले. सर तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला जेवूनच आले.

लग्नात मांडवाच्या कमानीवर फुलांनी मोठं 'Na + Ni' लिहिलं होतं. नवरीची मावशी माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ वाचून म्हणाली, "चुकून दुसऱ्याच लग्नाची कमान लावली बाई. हे नाना आणि नीता कोण?"

*

आमच्या भागात निम्मे पालक विणकर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. येमूल म्हणून एकांची मुलगी दहावीला होती. ते एकदा शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी रोज त्या तक्त्याला बघून रडतीय. पाठ होत नाही म्हणतीय. मी तिला चादर विणून देतो. पांघरून झोपली की डोक्यात जातंय का बघू."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. पण येमूलांनी माझ्याकडून तक्ता नेला, संगणकावर डिझाइन केलं, मागावर चढवलं, आणि महिन्यानं दोन चादरी घेऊन आले. एक मुलीला, एक शाळेला. आम्ही वर्गात चादर उलगडली आणि सगळी मुलं बाक सोडून पुढं आली. निळ्या जमिनीवर पांढरे चौकोन, त्यात लाल अक्षरं. एकसुद्धा संज्ञा चुकलेली नाही. खाली वेगळ्या असतात त्या दोन ओळी त्यांनी सुंदर काठ म्हणून विणल्या होत्या.

आणि वर मधोमध भलामोठा मोर! पिसारा फुलवलेला.

बिराजदार सर हळूच म्हणाले, "येमूल, इथं काही नसतं हो. ही जागा मोकळी असते."

"मोकळी?" येमूलांना धक्काच बसला. "एवढी? सर, चादरीत एवढी जागा मोकळी सोडली तर गिऱ्हाईक म्हणतंय डिझाइन चुकलं. बायको पण तेच म्हणाली. मग मी मोर टाकला."

इतकं मन लावून केलेलं, त्यांना काय म्हणायचं? चादर वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावली. मुलं वर्षभर तिच्याकडं बघत शिकली. येमूलांची मुलगी खरंच रडायची थांबली. सराव परीक्षेत मी प्रश्न घातला, 'दुसऱ्या आवर्तात बेरिलियमनंतर कोणते मूलद्रव्य येते?' बोरॉन, सोपं उत्तर.

साठ पेपर तपासले. अकरा जणांनी लिहिलं होतं: मोर.

आणि येमूलांच्या मुलीनं लिहिलं होतं: 'बोरॉन. परंतु बेरिलियम आणि बोरॉन यांच्यामध्ये मोर असतो. तो माझ्या पप्पांनी घातला आहे.'

मी पूर्ण गुण दिले. काय करणार?

*

आता गेनबाचा सांगते. हा मी फार जणांना सांगत नाही, कारण लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. बिराजदार सर साक्षीला आहेत.

प्रयोगशाळेत मूलद्रव्यांच्या नमुन्यांचं एक वेगळं कपाट आहे. गंधक, मॅग्नेशियमची फीत, रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम, असं सगळं. एका मे महिन्यात गेनबानं बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवली, घरच्या पिठाच्या खळीनं. जूनमध्ये कपाट उघडलं तर उंदरांनी सगळी लेबलं खाल्लेली! वीस-बावीस बाटल्या, आणि एकीवरही नाव नाही.

शेख मॅडम भडकल्या. बरोबरच होतं. नाव नसलेली बाटली शाळेत ठेवणं म्हणजे खेळ नाही, एखाद्या पोराच्या अंगावर काही सांडलं तर? "सगळं फेकायचं," त्या म्हणाल्या, "और गेनबा, तुम लिखके खुलासा दो."

लेखी खुलासा म्हटल्यावर गेनबाचं तोंड उतरलं. त्याला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही, आणि लिहायचं म्हटलं की पेन दुसऱ्याच्या हातात देतो. मला म्हणाला, "मॅडम, मला एक दिवस द्या की. मी लावून दावतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर कपाट लावलेलं होतं. पण पूर्वीसारखं नाही. बाटल्या उभ्या रांगांत होत्या.

"ह्या रांगेतल्या पाण्याला बघून चवताळणाऱ्या," गेनबा दाखवायला लागला. "ह्या दुसऱ्या रांगेतल्या त्यांच्यापरास गरीब. ह्या तिकडच्या नाकाला झोंबणाऱ्या. वर हलक्या ठेवल्या, खाली जड."

"पण ओळखल्यास कशा?" सरांनी विचारलं.

"रोज नळ्या मीच धुतो न्हवं? कुणाचा डाग कसा, कुणाचा वास कसा, म्हाईत हाय की."

सरांनी दिवसभर बसून एकेक बाटली तपासली. मी वहीत लिहीत होते. दुपारचा डबाही तसाच राहिला. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी सरांनी पेन खाली ठेवलं. एकही बाटली चुकीच्या रांगेत नव्हती. एकही वर-खाली नव्हती.

फक्त शेवटच्या रांगेत काही जागा रिकाम्या होत्या. तिथं दोनच बाटल्या, एक क्लोरिनचं पिवळट पाणी, तिच्याखाली ब्रोमिनचं तांबडं पाणी. आणि ब्रोमिनच्या खाली मोकळी जागा.

"इथं काय होतं?" सरांनी विचारलं.

"म्हाईत न्हाय सर. मी कवा बगितली न्हाय. पर हितं एक असणार."

"कशावरून?"

"असणार." त्यानं त्या जागेवरून हात फिरवला. "काळपट असंल. जड असंल. अन् झाकण काढलं की जांभळा धूर निघंल."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं. तसली बाटली आमच्या नोंदवहीत होती, पण कपाटात कोणी कधी पाहिली नव्हती. गेनबा शाळेत यायच्या आधीच ती गहाळ झाली होती.

चार दिवसांनी खेळाच्या खोलीची साफसफाई निघाली. निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षकांची प्रथमोपचाराची जुनी पेटी सापडली. तिच्या तळाशी, जखमेवर लावायचं औषध करायला म्हणून त्यांनी कधीतरी नेलेली एक तपकिरी बाटली. लेबल पार पुसट झालेलं. सरांनी ती प्रयोगशाळेत आणून खिडकीशी जपून उघडली. आत काळे चमकदार खडे. आणि तोंडाशी हलकासा जांभळा धूर.

आयोडिन.

शेख मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून गेनबाला द्यायची खुलाशाची नोटीस काढली, फाडली आणि निघून गेल्या. गेनबानं बाटली घेतली आणि ब्रोमिनच्या खाली ठेवून दिली. जणू कुणी बाहेर गेलेलं घरी आलं.

सर स्टुलावर बसले होते. कपाटातल्या जागा बोटानं वरून खाली मोजत होते. मग एकदम म्हणाले, "गेनबा, क्लोरिनच्या वरपण जागा सोडलीयस. तिथली बाटली कुठंय?"

"ती बाटलीत ऱ्हायची न्हाय, सर. लई तापट असंल. बाटलीलाच खाईल."

सर उभे राहिले. फ्लोरिन काचेला खातं, हे आम्ही बी.एस्सी.ला शिकलो होतो.

"आणि..." सरांनी कपाटाच्या तळाकडं बोट केलं. "ह्या आयोडिनच्या खालची?" तिथलं मूलद्रव्य किरणोत्सारी, डोळ्यांना दिसेल एवढं आजवर जगात कुणाच्या हाती लागलेलं नाही.

गेनबानं फडकं खांद्यावर टाकलं, नळ्यांचा ट्रे उचलला आणि मोरीकडं जाता जाता म्हणाला,

"त्ये आणायच्या भानगडीत पडू नगा, सर. हातात येईस्तवर सरून जाईल."